खाल्लेलं मीठ

गॉर्डीनं मशीन दिलं, मांजर न्यायच्या पेटीएवढं,
आणि वर तीन सूचना:
पाणी कढत हवं, उकळतं नको.
साबण झाकणभरच.
आणि नळीत नाणं अडकलं, तर ते माझं.

थंडर बेमध्ये एप्रिल संपत आलाय.
अंगणाच्या कडेला बर्फाचा शेवटचा ढीग
भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूसारखा
काळा पडून बसलाय.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढली,
गाडीची चारी दारं सताड उघडली.
बारा हिवाळे काढलेत हिनं. उद्या दहाला
टायरवाल्या बोइचुकचा पोरगा येणार आहे बघायला,
सतरा वर्षांचा, रोख पैसे घेऊन.

आधी माझ्या पायाखालचं मीठ.
शहर रस्त्यावर पसरतं, बुटांना चिकटून आत येतं,
वितळतं, सुकतं, आणि कार्पेटवर
ओहोटीच्या रेघांसारख्या पांढऱ्या कडा ठेवून जातं.
व्हिनेगर शिंपडलं. फवारा. ब्रश.
मग नळीचं तोंड दाबून मागे ओढायचं, सावकाश,
घाई केली की पाणी तिथंच बसतं.
पारदर्शक तोंडातून दिसतं काय वर येतंय:
आधी चहा,
मग कॉफी,
मग वखारीतल्या माणसानं धुतलेले हात.

खाल्ल्या मिठाला जागली म्हणायची ही,
उणे पस्तिसातसुद्धा दुसऱ्या किल्लीला सुरू व्हायची.
पत्रा मात्र त्याच मिठानं खाल्ला.

मागच्या सीटवर जांभळा खडू,
कुठल्यातरी जुलैत वितळून शिवणीत उतरलेला.
आयलाला फोटो पाठवला. ती हॅलिफॅक्सला
जहाजांचं वेल्डिंग करते आता.
लगेच उत्तर: मी नाही, मार्कू.
मार्कूचं उत्तर: आयला.
वीस मिनिटं घासला. फिका झाला,
कबूल कुणीच केलं नाही.

शेवटी उजवीकडची जागा. आर्व्होची.
फेब्रुवारी होता, तळ्यावरून परतत होतो,
बर्फाला भोक पाडून काढलेले तीन पाइक
बादलीत, बादली त्याच्या दोन पायांत,
आणि मिलच्या वळणावर मी म्हणाले,
विनिपेगला तू एकटाच जा.
बादली कलंडली.
घर येईपर्यंत एक मासा तोंड उघडत, मिटत राहिला.
आम्ही दोघांनी नाही उघडलं.

पाच वेळा ओढलं तिथलं पाणी.
सहाव्या खेपेला नितळ आलं.
गुडघे पुसले, टाकी उचलली,
आणि बारा वर्षांचं ते गढूळ
त्या बर्फाच्या ढिगावर ओतलं.
वाफ निघाली थोडी.
रात्रभर गाडीत पंखा लावून ठेवला.

सकाळी डाग होता. तिथंच, तेवढाच,
कडा जरा जास्तच रेखीव.
गॉर्डी कुंपणावरून म्हणाला, खालच्या फोममध्ये मुरलेलं असतं,
वरचं सुकलं की चढतं,
वातीला तेल चढतं तसं.
हे काल का नाही सांगितलंस?
तू विचारलं नाहीस, लेम्पी.

दहाला पोरगा आला. रायली नाव.
दार उघडून नाक वर केलं कुत्र्यासारखं.
मासे?
मासे, म्हटलं.
दिवसभर घासून झालं होतं, आता घासाघीस.
त्यानं दोनशे कमी केले, मी शंभर परत चढवले,
तो आत बसून बघू म्हणाला
आणि चिखलाचा बूट नेमका त्याच डागावर टेकवला.
आणि विचारलं, कुठल्या तळ्यातले?
सांगितलं. कुठली खाडी, किती पावलं, कुठला खडक,
हेसुद्धा सांगितलं,
जे आर्व्होनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं.

मशीन धुऊन परत केलं.
नळीत पाच सेंटचं नाणं निघालं, बीव्हरवालं,
हिरवं पडलेलं. गॉर्डीच्या हातावर ठेवलं.
त्यानं ते खिशात टाकलं, शब्दाचा पक्का.

शनिवारी ढीग विरघळला.
तिथं गवत यंदा उशिरा येईल.
मीठ आहे ना.